परतीचा कागद

आपल्या कोकणात निरोप घेताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. एखाद्या पोराच्या तोंडून तसे निघून गेलेच, तर ओटीवर बसलेली म्हातारी लगेच टोकते, “जातंय म्हणा नको, येतंय म्हण.” निघायची वेळ झाली, पिशवी खांद्याला लागली, तरी जिभेवर शब्द येण्याचाच असावा, अशी आपली रीत. दुसरी रीत पाहुण्याविषयीची. आल्या माणसाला पाय धुवायला तांब्या द्यावा, गुळाचा खडा आणि पाणी द्यावे, जेवल्याशिवाय सोडू नये. आणि काही झाले तरी ‘परत कधी जाणार?’ हे त्याला विचारू नये. हा प्रश्न विचारणारे घर गावात नावाजले जाते, पण चांगल्या अर्थाने नव्हे.

जगातली सरकारे मात्र आल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि उत्तर तोंडी चालत नाही, कागदावर लागते. लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला निघालेल्या आजीला हे चांगले ठाऊक असते. व्हिसाच्या खिडकीपलीकडचा साहेब तिला लाडूंची कृती विचारत नाही. इकडे घर आहे का, शेत आहे का, मागे कोण आहे, आणि परत केव्हा येणार, हे विचारतो. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याने त्याला तसे शिकवलेलेच आहे, की समोरचा माणूस कायमचा राहायला आला आहे असे धरून चालावे आणि तसे नाही हे त्याच माणसाने पटवून द्यावे. युरोपातल्या शेंगेन देशांत जायचे, तर परतीच्या प्रवासाची नोंद, खर्चापुरता पैसा आणि तीस हजार युरोंचा आजारपणाचा विमा दाखवावा लागतो. राहायचे तेही एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवस. कित्येक देशांत व्हिसा लागत नाही किंवा उतरल्यावर मिळतो, पण तिथेही परतीचे किंवा पुढच्या देशाचे तिकीट विचारतात. आपला भारतही याला अपवाद नाही. इथे पर्यटक म्हणून येणाऱ्या परदेशी माणसाजवळ परतीचे वा पुढच्या प्रवासाचे तिकीट आणि पुरेसे पैसे असावेत, असे आपलेच सरकार सांगते.

हा परतीचा कागद जगात आला कसा, हे शोधायला लिस्बन किंवा लंडनचे दप्तर उघडावे लागत नाही. आमच्या बांद्यातून पत्रादेवीपर्यंत पायी तासाभराची वाट आहे. त्या वाटेवर या कागदाची सारी कुळकथा सापडते. जुनी थोर माणसे ती तुकड्या-तुकड्यांनी सांगत असत. ते तुकडे इतिहासाच्या सुतात ओवून वाचकांपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

आज बांदा म्हटले की मुंबई–गोवा महामार्गावरचे एक बाजाराचे गाव डोळ्यांपुढे येते. पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी त्याची ओळख रस्त्याची नव्हती, पाण्याची होती. तेरेखोलच्या नदीतून गलबते आत येत. सोळाव्या शतकाच्या आरंभी या किनाऱ्याचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसाने बांद्याची गणना व्यापारी गावांत केली आहे. विजापूरकरांच्या अमलात इथून माल दूरदूर जाई. तो समुद्र तोपर्यंत कोणाच्या मालकीचा नव्हता. वारा अनुकूल असला आणि तांडेल जाणता असला, म्हणजे गलबत सुटे. कोठे जातोस आणि परत कधी येतोस, हे विचारणारा समुद्रावर कोणी नव्हता.

तो विचारणारा वास्को द गामाच्या मागोमाग आला. १५०२ पासून पोर्तुगिजांनी एक नवीच चाल सुरू केली. अरबी समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक व्यापारी गलबताजवळ त्यांचा परवाना असला पाहिजे. नसेल तर गलबत, माल आणि माणसे जप्त. या परवान्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. गंमत अशी की शब्द मुळात अरबी, ‘किर्तास’ म्हणजे कागद. ज्या अरबांचा व्यापार मोडायचा, त्यांच्याच भाषेतला कागद त्यांच्या गळ्यात बांधला. या कागदावर गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, हत्यारे किती, माल कोणता, निघणार कोठून आणि जाणार कोठे, हे सारे लिहिलेले असे. मिरीसारखा मसाला, घोडे, दारूगोळा असला माल नेण्यास मनाई असे.

कार्ताझाची फी फारशी नव्हती. खरी मेख पुढेच होती. परवाना घेणाऱ्या गलबताने पोर्तुगिजांच्या ठाण्यावर येऊन जकात भरलीच पाहिजे, अशी अट होती. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांना जाताना दीवला थांबून जामीन ठेवावा लागे, की येतानाही आम्ही दीवलाच येऊ आणि जकात भरू. वाचकहो, परतीच्या तिकिटाचे हे पणजोबा. प्रवासी जातो कोठे हे तर विचारावेच, पण तो ठरल्या वाटेने परत येईल याची हमी आधीच पदरात पाडून घ्यावी, ही कल्पना आपल्या या समुद्रावर अशी अंमलात आली. तिच्या मागे पाहुण्याची काळजी नव्हती, जकातीची होती.

या कागदापुढे बादशहासुद्धा वाकले. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा पोर्तुगिजांचा परवाना हाती पडेपर्यंत तिला सुरतेस बराच काळ खोळंबून राहावे लागले. दिल्लीच्या तख्ताची लेक, आणि कागदासाठी बंदरावर बसलेली! त्या काळचे मौलवीही या कागदावर नाराज होते, कारण त्यावर मरियम आणि येशू यांची चित्रे असत. खुश्कीने जावे तर शियापंथी इराण, पाण्याने जावे तर मूर्तीचा कागद. तेव्हा हजची सक्तीच उरत नाही, असा कौल दरबारातल्या एका मोठ्या मौलवीने दिल्याचे बदायुनीने नोंदले आहे.

याला उत्तर निघाले तेही आपल्याच किनाऱ्यावर. शिवछत्रपतींनी आरमार उभे केले, सिंधुदुर्गासारखे जलदुर्ग बांधले आणि मराठ्यांचे ‘दस्तक’ समुद्रावर चालू लागले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर दस्तकावाचून फिरणाऱ्या गलबतांना, मग ती इंग्रजांची असोत की आणखी कोणाची, सरळ धरून आणले. इंग्रज त्यांना चाचा म्हणाले. पण पोर्तुगिजांनी दोनशे वर्षे जे केले, तेच कान्होजींनी आपल्या दारात केले, एवढाच त्या दोहोंत फरक. मात्र हेही मान्य केले पाहिजे, की त्या उत्तरात प्रश्न तोच राहिला. कागद विचारणारा हात बदलला. कागद दाखवणारा तांडेल होता तिथेच होता.

समुद्रावरचा हा कागद जमिनीवर येण्याआधी आमच्या मुलखात पाहुण्यांचा एक निराळाच पेच होऊन गेला. शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांत घेतला, तेव्हा लखम सावंत आणि आजूबाजूचे देसाई गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयास गेले, आणि तिथे बसून इकडे उपद्रव करू लागले. महाराजांनी १६६७ मध्ये बारदेशावर स्वारी केली. मग तह झाला, आणि या पाहुण्यांनी गोव्यात राहून शत्रुत्व करू नये, केले तर त्यांना हाकलावे, अशी बोली ठरली. पाहुणा किती दिवस राहतो यापेक्षा राहून काय करतो, हा प्रश्न मोठा, हे या तहाने उघड केले. आज कित्येक देशांच्या पर्यटक व्हिसाला ‘येथे नोकरी करण्यास मनाई’ अशी अट असते. त्यामागेही प्रश्न हाच आहे.

पुढे १७४६ मध्ये तेरेखोलचा किल्ला पोर्तुगिजांनी सावंतांकडून घेतला, आणि १७८८ मध्ये पेडणे महालही त्यांच्याकडे गेला. सरहद्द आमच्या उंबऱ्याशी आली. पण सरहद्द म्हणजे काय, हे रयतेला लगेच कळले नाही. पेडण्याची पोर बांद्याला दिलेली, बांद्याची पेडण्याला. देवळाचे मानकरी इकडचे, कूळ तिकडचे. दशावताराची मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन एका रात्री या राज्यात आणि दुसऱ्या रात्री त्या राज्यात उभी राहत. देवाच्या जत्रेला कोणी परवाना मागितला नाही.

१८४४ मध्ये वाडी संस्थानात इंग्रजांविरुद्ध बंड झाले. फोंड सावंत तांबुळकर आणि त्यांचे मुलगे त्यात पुढे होते. बंड मोडल्यावर ते गोव्यात शिरले. इंग्रजांनी त्यांना मागितले, पोर्तुगिजांनी दिले नाही. पण आश्रय ही गोष्ट राजांच्या दारी कायमची नसते. सत्तावनच्या धामधुमीत त्या घराण्यातले मुलगे गोव्याची हद्द ओलांडून कानड्याच्या रानात पुन्हा उठले. शेवटी ते पोर्तुगिजांच्या हाती आले, आणि त्यांनी त्यांतल्या काहींना तिमोर बेटावर रवाना केले. तिमोर म्हणजे पूर्वेच्या समुद्रातले पार टोक. ‘पुढच्या प्रवासाचा पुरावा’ म्हणून आज जो शब्द चालतो, तो या सावंतांना असा भोगावा लागला. आणि त्या कागदावर परतीचा रकाना नव्हता.

इंग्रज आणि पोर्तुगीज यांचे मेतकूट जमले ते १८७८ मध्ये. लिस्बनला करार झाला, १८८० च्या जानेवारीपासून अंमलात आला, आणि दोन्ही मुलखांमधली जकात उठली. या करारानेच मुरगावच्या आगगाडीला वाट मिळाली. बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा बसला आणि मिठागरांवर पोट भरणारे कंगाल झाले. बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, करार सरला आणि जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली. तथापि ही नाकी मालासाठी होती. शिपाई बोचके उघडून पाही, कापड मोजी, दारू हुंगे. माणसाला मात्र ‘तू कोण, किती दिवस राहणार’ हे विचारत नसे. गोव्याची हजारो माणसे मुंबईत खानसामे, बोटीवरचे तारवटी, बँडवाले म्हणून गेली. धोबी तलावाच्या बाजूला त्यांच्या गावागावांची ‘कूड’ नावाची बिऱ्हाडे वसली. इकडचे मराठी मास्तर तिकडे पंतोजी म्हणून गेले. माणसांची ही ये-जा कागदावाचून चालली होती.

सबंध जगातच त्या काळी कागदाचे एवढे स्तोम नव्हते. पासपोर्ट सक्तीचा झाला तो १९१४ च्या महायुद्धात, हेरांच्या भीतीने. युद्ध सरले, भीती सरली नाही. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली आणि आज आपण खिशात बाळगतो त्या तऱ्हेच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानातही प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा झाला. तिकीट मात्र त्याही आधी अडकले होते. अमेरिकेने १८९१ मध्ये कायदा केला, की बंदरावर नाकारलेल्या माणसाला ज्या बोट कंपनीने आणले तिनेच स्वखर्चाने परत न्यावे. तेव्हापासून वाहतूकदार हा सरकारचा बिनपगारी नाकेदार झाला. आज विमानतळावर सामान देताना काउंटरवरची मुलगी परतीचे तिकीट मागते, तेव्हा तिच्या मनात तुमच्याविषयी काही वाकडे नसते. पलीकडच्या देशाने तुम्हाला नाकारले, तर तुम्हाला परत आणण्याचा भार, आणि पुष्कळदा दंडही, तिच्या कंपनीवर पडतो, हे त्यामागचे कारण. सांगायचे तात्पर्य, नियम सरकारचा, धाक कंपनीला आणि खुलासा प्रवाशाने करायचा, अशी ही तीन पायांची शर्यत आहे.

आता त्या दिवसांकडे येऊ, ज्यांच्यामुळे पत्रादेवीचे नाव देशभर झाले.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. १९४८ मध्ये वाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पत्रादेवीच्या पलीकडे मात्र पोर्तुगीज तसेच राहिले. भारत सरकारने १९५० मध्ये वाटाघाटीचा प्रस्ताव पाठवला, तो लिस्बनने मानला नाही. उलट १९५१ मध्ये गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचा समुद्रपारचा प्रांतच आहे, असे कायद्यात लिहून टाकले. १९५३ च्या जूनमध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. आणि १९५४ मध्ये गोव्यातून येणाऱ्या माणसांवर भारताने परवान्याची अट घातली. ज्या वाटेने शतकानुशतके माणसे ‘येतंय’ म्हणून गेली, त्या वाटेवर आता दोन्ही बाजूंना कागद विचारू लागले.

सरकारी दृष्टीने हा दाब होता, आणि दाब आणण्यामागचा हेतू योग्यच होता. परंतु कागद हा आंधळा असतो. तो राज्यकर्त्याला अडवायला म्हणून निघतो आणि वाटेत माहेरवाशिणीला अडवतो. पेडण्यात आजारी पडलेल्या बापाला पाहायला बांद्याची लेक निघाली, तर कालपर्यंत ती भावाबरोबर शेताच्या बांधाने जाई. आज तिला नाव, गाव, कारण आणि मुदत सांगावी लागे. किती दिवस राहणार? बाप किती दिवस जगणार, हे ज्याला ठाऊक त्यानेच याचे उत्तर द्यावे.

मग १९५५ साल उजाडले. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन साहाय्यक समितीने सत्याग्रहाच्या तुकड्या पाठवायला आरंभ केला. १८ मे रोजी सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांची तुकडी हद्दीपार गेली. मागून शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, त्रिदिब चौधरी गेले. पोर्तुगिजांची रीत ठरलेली होती. सामान्य सत्याग्रह्याला बेदम मारायचे आणि हद्दीवर आणून टाकायचे. पुढाऱ्याला धरायचे आणि दहा-दहा वर्षांची शिक्षा ठोठवायची. म्हणजे एकाला परतीचा प्रवास सक्तीचा, आणि दुसऱ्याला तो बंद.

१५ ऑगस्टला देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले तीन हजारांहून अधिक सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांतली मोठी तुकडी बांद्याहून पत्रादेवीला गेली. श्रावणातला पाऊस, चिखलाची वाट, हातात तिरंगा. त्यांच्याजवळ परवाना नव्हता, आणि तो नसणे हेच त्यांचे म्हणणे होते. आपल्याच देशात जायला कागद कशाला, हे सांगण्यासाठी ते कागदावाचून चालले. समोरून गोळ्या सुटल्या. झेंडा घेऊन पुढे असलेल्या मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय यांना गोळी लागली. पंजाबातल्या इसडू गावचे कर्नैलसिंग पुढे झाले, त्यांनी छातीवर गोळी घेतली आणि ते पत्रादेवीलाच पडले. त्या दिवशी गोव्याच्या वेगवेगळ्या सरहद्दींवर वीसहून अधिक माणसे मारली गेली. पनवेलचे हिरवे गुरुजी याच सत्याग्रहात गेले. लुधियानाकडच्या त्या तरुणाने बांदा हे नाव महिनाभर आधी ऐकले तरी असेल का, कोण जाणे. आज मात्र बांद्याच्या शाळेतल्या पोराला इसडू हे नाव सांगावे लागते, आणि ते सांगताना मास्तरचा आवाज थोडा खाली येतो.

त्यानंतर वाट बंदच झाली. आगगाडी थांबली, वकिलाती उठल्या. भारताचे हितसंबंध तिकडे इजिप्तने पाहायचे आणि पोर्तुगालचे इकडे ब्राझीलने, असा लांबचा कारभार सुरू झाला. मुंबईच्या कुडांत राहणाऱ्या गोवेकरांचे घरी जाणारे पैसे अडले. गोव्याच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले. पोर्तुगिजांनी १९५५ मध्येच स्वतःची विमान कंपनी काढली आणि दाभोळीहून कराचीला विमान जाऊ लागले. त्या काळाची विपरीतता एवढ्या एका गोष्टीत दिसते, की पेडण्याच्या माणसाला विमानाने कराचीला जाता येत होते, पण पायी बांद्याच्या बाजाराला येणे मुश्किल होते. पुढे काही वर्षांत हे निर्बंध थोडेथोडे सैल झाले. पण तोवर किती साखरपुडे मोडले, किती मयतांना मुलगे पोहोचू शकले नाहीत, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

सांगलीकडचे मोहन रानडे यांची गोष्ट या कागदाच्या इतिहासात विसरता येणार नाही. ते गोव्यात मराठी शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलाच्या लढ्यात पडले. १९५५ च्या ऑक्टोबरात ते पकडले गेले आणि पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात गेले. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, दोडामार्गाकडून ब्रिगेडियर सगतसिंगांची तुकडी पुढे झाली, आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वसालू इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. गोवा सुटला, पण गोव्यासाठी लढलेला हा मास्तर लिस्बनच्या तुरुंगातून सुटला तो १९६९ मध्ये. आगंतुकाने किती दिवस राहायचे, हे ज्यांनी स्वतः साडेचारशे वर्षे राहून दाखवले, त्यांनी आपल्या या मास्तरला तेरा वर्षांहून अधिक काळ जबरदस्तीने ठेवून घेतले.

मुक्तीनंतर कागदाचा आणखी एक अध्याय सुरू झाला. १९६२ च्या मार्चमध्ये भारत सरकारने हुकूम काढला, की गोव्यात जन्मलेली, किंवा ज्यांचे आई-बाप वा आजे तिथे जन्मले अशी माणसे १९६१ च्या २० डिसेंबरपासून भारताचे नागरिक समजली जातील. ज्यांना ते नको असेल त्यांनी मुदतीत तसे लिहून द्यावे. पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीस गोवा भारताचा हे मान्य केले, पण आपल्या कायद्यातले जुने दार उघडेच ठेवले. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाला, आणि त्याच्या मुलानातवंडांनाही, लिस्बनच्या दप्तरात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. त्या नोंदीवर हजारो गोवेकर युरोपात गेले. ज्या पासपोर्टाला हाकलण्यासाठी पत्रादेवीला रक्त सांडले, तोच पासपोर्ट आज काही घरांत लोखंडी कपाटात जपून ठेवलेला आढळतो. त्यावरून त्या घरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पोट हे इतिहासापेक्षा जुने आहे. मात्र आपला कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. तिकडचे स्वेच्छेने घेतले की इकडचे जाते, आणि मग आपल्याच गावात राहायला परदेशी माणसासारखे कागद करावे लागतात. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना समजावणे फार कठीण जाते.

पेडण्याचे नशीबही पाहा कसे. जिथे इकडच्या माणसाला दोन दिवस राहायला परवाना लागे, त्याच पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यांवर पुढे रशिया, इंग्लंड, इस्रायलची माणसे महिनोन् महिने राहू लागली. व्हिसाची मुदत भरत आली की कोणी नेपाळला, कोणी श्रीलंकेला जाऊन यायचे आणि पुन्हा नव्या मुदतीने बसायचे. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडली याने इथे वारंवार येऊन टेहळणी केल्याचे उघड झाले, आणि २००९ च्या अखेरीस सरकारने नियम केला, की पर्यटकाने एकदा गेल्यावर दोन महिने परत येऊ नये. किनाऱ्यावरचे भाडेकरू आणि घरमालक दोघेही हवालदिल झाले. २०१२ च्या शेवटी तो नियम बहुतेकांपुरता मागे घेतला. एका दुष्टाने फसवले आणि हजार भाबड्यांची झडती झाली, हे कागदाच्या राज्यात नेहमीचेच.

आणि आपल्यालाही या वाटेवर पुन्हा एकदा कागद लागलाच. २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली आणि गोव्याची सरहद्द बंद झाली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची शेकडो तरुण मुले-मुली गोव्यात कामाला. सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे. एका रात्रीत ती पास, तपासणी आणि दाखल्यांच्या रांगेत उभी राहिली. पत्रादेवीच्या स्मारकाजवळ पोलीस नावे विचारत होते. आजारापुढे दुसरा इलाज नव्हता, हे खरे. परंतु त्या दिवसांत गावातल्या जुन्या माणसांना पंचावन्न सालची आठवण झाली आणि नव्यांना ती प्रथमच कळली.

एवढ्या इतिहासातून आपण घ्यायचे काय? परतीचा कागद मागणे हेच मुळात पाप, असे म्हणता येणार नाही. घर म्हटले की उंबरठा आलाच, आणि देश हेही एक घर. आलेल्याचा हेतू विचारण्याचा हक्क यजमानाला आहे. लखम सावंतांच्या वेळी महाराजांनीही तो बजावायला लावलाच की. तेव्हा परदेशी दीर्घकाळ राहायला जाणाऱ्याने कागद सरळ ठेवावेत. तिकीट खरे असावे, मुदतीच्या आतले असावे, आणि मुलाकडे राहायला चाललो असू तर तसेच सांगावे. खोट्या तिकिटाची छापील नक्कल दाखवून वेळ मारून नेण्याची जी खोड अलीकडे लागली आहे, ती वाईट. एकदा लबाडी उघडी पडली, की पुढच्या सगळ्या खऱ्या बोलण्यावर पाणी पडते.

पण दुसरी बाजूही विसरू नये. हा कागद सर्वांना सारखा विचारला जात नाही. कार्ताझ लिस्बनच्या गलबताला लागत नसे, तो बांद्याच्या आणि सुरतेच्या गलबताला लागे. आजही काही देशांचा पासपोर्ट पाहिला की खिडकीतला साहेब हसून शिक्का मारतो, आणि आपला पाहिला की चष्मा पुसतो. ज्याचा हात वर त्याने विचारायचे आणि ज्याचा हात खाली त्याने दाखवायचे, ही कार्ताझाच्या काळची गोष्ट अजून पुरती गेलेली नाही. म्हणून उद्या आपला देश विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसेल, आणि काही बाबतींत तो बसलाही आहे, तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी कसे बोलायचे, हे आपल्याला तरी ठाऊक असले पाहिजे. आपण त्या रांगेत चारशे वर्षे उभे होतो.

पत्रादेवीजवळच, पेडण्याच्या मोपा पठारावर, आता मोठा विमानतळ झाला आहे. २०२३ च्या जानेवारीपासून तिथून विमाने उडतात, आणि संध्याकाळच्या वेळी त्यांचे दिवे बांद्याच्या आकाशात दिसतात. तिथल्या काउंटरवर रोज कोणाला ना कोणाला परतीचे तिकीट विचारले जात असेल. खाली महामार्गावर मात्र एस. टी. हुतात्म्यांच्या स्मारकावरून न थांबता जाते. पेडण्याच्या बाजाराला गेलेली बांद्याची बाई पिशवीत काकणे आणि भाजी घेऊन त्याच दिवशी परत येते, दिवाळीला भाऊबीजेचा भाऊ पलीकडून येतो, आणि त्याला ओवाळताना कोणी त्याचा कागद पाहत नाही. जेवून उठल्यावर तो म्हणतो, “येतंय गे.” बहीण म्हणते, “ये.”